अनेक हात, एक उत्तर : बीजगणित करणाऱ्या यंत्रांची कामाची वाटणी

भिंत आणि विहीर

त्रैराशिकाचे एक जुने उदाहरण आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत सोडविलेले असते. एक भिंत बांधण्यास दहा मजुरांस सहा दिवस लागतात, तर साठ मजुरांस किती दिवस लागतील? उत्तर एक दिवस. गुरुजी ‘बरोबर’ अशी खूण करतात आणि आपण पुढील उदाहरणाकडे वळतो. परंतु हेच उदाहरण विहिरीसंबंधी घातले तर काय होईल? विहिरीच्या तळाशी एका वेळी दोघे, फार तर चौघे उभे राहून कुदळ चालवू शकतात. बाकीच्यांनी काठावरून माती ओढावी किंवा नुसते पाहत राहावे. शिवाय दहाव्या हातावरचा खडक फोडावयाचा, तर वरच्या नऊ हातांची माती आधी निघालेली असलीच पाहिजे. साठ माणसे लावली म्हणून विहीर एका दिवसात होत नाही.

काही कामे भिंतीसारखी असतात आणि काही विहिरीसारखी. हा साधा भेद आजच्या संगणकशास्त्रात फार महत्त्वाचा होऊन बसला आहे. पूर्वी संगणकात बहुधा एकच प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा एकच घटक असे. त्याची गती वर्षागणिक वाढत गेली. परंतु २००५ च्या सुमारास असे दिसून आले की ती आणखी वाढवू गेल्यास यंत्र फार तापते. तेव्हा निर्मात्यांनी दुसरा मार्ग धरला. एकाच कारागिराला अधिक पळविण्याऐवजी त्यांनी कारागिरांची संख्या वाढविली. आज साध्या संगणकातही चार किंवा आठ प्रोसेसर-गाभे असतात. पडद्यावरील चित्रे रेखण्यासाठी निर्माण झालेल्या ग्राफिक्स प्रोसेसरात तर लहान लहान गणनघटक हजारांनी असतात. इतके हात उपलब्ध झाल्यावर प्रश्न उरतो तो असा, की बीजगणिताचे काम भिंतीचे की विहिरीचे?

बीजगणित करणारे यंत्र

संगणक आकडेमोड करतो हे सर्वांस ठाऊक आहे. तो बीजगणितही करतो, हे तितकेसे ठाऊक नसते. सामान्य आकडेमोडीत एक भागिले तीन याचे उत्तर ०·३३३३ असे काही स्थळांपर्यंत लिहून थांबतात, आणि पुलाच्या किंवा हवामानाच्या गणितात तेवढे पुरते. बीजगणिती आज्ञावली मात्र एकतृतीयांशाला एकतृतीयांशच ठेवते. क्ष हे अक्षर तिला संख्येइतकेच प्रिय असते. कंस सोडविणे, अवयव पाडणे, समीकरणांतून एखादे पद काढून टाकणे ही सर्व कामे ती अक्षरांनिशी आणि तंतोतंत करते. मॅक्सिमा, मॅथेमॅटिका, मेपल, सेज ही अशा आज्ञावलींची काही प्रसिद्ध नावे होत.

या कामात तंतोतंतपणाला किती मोल आहे, हे एका फ्रेंच ज्योतिर्विदाच्या चरित्रावरून दिसते. शार्ल देलोने यांनी चंद्राच्या गतीचे गणित अक्षरांनी मांडले. त्या विस्तारात दहा वर्षे गेली आणि ते तपासण्यात आणखी दहा वर्षे गेली. १८६० आणि १८६७ मध्ये त्याचे दोन मोठे खंड प्रसिद्ध झाले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, आंद्रे देप्री, झाक हेन्रार आणि अर्नोल्ड रोम यांनी अमेरिकेत हेच गणित संगणकाकडून करविले. यंत्राला सुमारे वीस तास लागले. देलोने यांच्या त्या अफाट लेखनात चुका निघाल्या त्या अगदी मोजक्या. त्या माणसाच्या चिकाटीला नमस्कार करावा असेच हे उदाहरण आहे. परंतु त्यातून दुसरीही गोष्ट ध्यानात येते. बीजगणितात ‘जवळजवळ बरोबर’ असे उत्तर नसते. एक चिन्ह चुकले तर ती चूक पुढल्या पानांवर पसरत जाते.

फुगणारे आकडे

मग हे काम हजारो हातांना वाटून का देऊ नये? येथे एक अडचण उभी राहते. एक छोटी बेरीज घेऊ. एकद्वितीयांश, एकतृतीयांश, एकपंचमांश आणि एकसप्तमांश यांची बेरीज २४७ छेद २१० येते. तीत एक-अकरांश मिळविला की २९२७ छेद २३१० होते. मुळात एका-दोन अंकांच्या संख्या होत्या. पाच पदांतच त्या चार अंकी झाल्या. अशी हजारो पदे असलेल्या गणितात मधल्या पायऱ्यांवरील संख्या शेकडो अंकांपर्यंत फुगतात. पुष्कळदा असेही घडते की शेवटचे उत्तर आटोपशीर असते, पण तेथवर जाण्याच्या वाटेवर आकड्यांचे डोंगर उभे राहतात.

ग्राफिक्स प्रोसेसराला हे मानवत नाही. त्यातील गणनघटक कवायतीतील मुलांप्रमाणे एका आज्ञेसरशी एकच हालचाल करतात. प्रत्येकाच्या हाती लहान आणि ठराविक मापाची संख्या असेल, तर त्यांची शिस्त पाहण्यासारखी असते. पण एकाच्या हाती दोन अंकी आणि दुसऱ्याच्या हाती दोनशे अंकी संख्या आली की रांग मोडते, आणि सर्वांना त्या एकासाठी थांबावे लागते.

अडचण आणखी खोल आहे. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार आपण उजवीकडून डावीकडे करतो, कारण प्रत्येक स्थानाचा हातचा पुढील स्थानी मिळवावयाचा असतो. एककाचे काम पुरे झाल्यावाचून दशकाचे उत्तर निश्चित होत नाही आणि दशकावाचून शतकाचे. हातचा ही विहिरीतील माती आहे. ती निघाल्यावाचून खाली जाता येत नाही.

हातचा नसलेला गुणाकार

या अडचणीवरील एक उपाय फार जुन्या गणितात सापडतो. चीनमधील सुन्-त्झू यांच्या गणितग्रंथात एक कोडे आहे. एका संख्येस तीनने भागिले असता दोन उरतात, पाचने भागिले असता तीन आणि सातने भागिले असता दोन; तर ती संख्या कोणती? उत्तर २३. भारतात आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील ‘आर्यभटीय’ ग्रंथात बाक्यांवरून मूळ संख्या शोधण्याची रीत दिली. ती कुट्टक या नावाने पुढे प्रसिद्ध झाली, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही कुट्टकाचा स्वतंत्र भाग आहे. या सर्वांमागील तत्त्व एकच आहे. भाजकांपैकी कोणत्याही दोहोंना एकावाचून दुसरा सामाईक विभाजक नसेल, म्हणजे ते परस्परांशी सहमूळ असतील, तर त्यांच्या गुणाकाराहून लहान अशी प्रत्येक संख्या केवळ तिच्या बाक्यांवरून ओळखता येते. तीन, पाच आणि सात यांचा गुणाकार १०५. म्हणून शून्यापासून १०४ पर्यंतच्या प्रत्येक संख्येची तीन बाक्यांची जोडणी निराळी असते.

आता ८ आणि ११ यांचा गुणाकार या रीतीने करू. वर्गातील तीन विद्यार्थी बोलवा आणि त्यांस अनुक्रमे तीन, पाच व सात हे भाजक द्या. पहिल्याजवळ ८ ची बाकी दोन आणि ११ चीही दोन. गुणाकार चार, आणि चारास तीनने भागून बाकी एक. दुसऱ्याजवळ तीन आणि एक; गुणाकार तीन. तिसऱ्याजवळ एक आणि चार; गुणाकार चार. तिघांची उत्तरे एक, तीन, चार अशी आली. १०५ हून लहान अशी कोणती संख्या या बाक्या देते, ते शोधले की ८८ मिळते. आठ गुणिले अकरा म्हणजे अठ्ठ्याऐंशीच.

या कृतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. तिघांपैकी कोणासही दुसऱ्याला काही विचारावे लागले नाही. हातचा एकाकडून दुसऱ्याकडे गेला नाही. कोणाच्याही हातातील संख्या मोठी झाली नाही, कारण ती वाढताच बाकी काढून लहान केली. आणि इतके करूनही उत्तर तंतोतंत आले. विहिरीचे काम पाहता पाहता भिंतीचे झाले. तीन भाजकांऐवजी हजार भाजक घेतले की हजार हातांना काम मिळते, आणि ते काम ग्राफिक्स प्रोसेसराला हवे तसेच, म्हणजे लहान, एकमापी आणि परस्परांपासून स्वतंत्र असते. बहुपदींचे सामाईक अवयव काढणे, मोठ्या समीकरणसंचांची उकल करणे अशा अनेक कामांत बीजगणिती आज्ञावली आज हीच युक्ती योजतात.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. खरे उत्तर १९३ असते, तरीही त्या तिघांनी एक, तीन, चार याच बाक्या सांगितल्या असत्या, आणि आपण ते ८८ म्हणून लिहून मोकळे झालो असतो. उत्तर फार तर किती मोठे असेल याचा अंदाज आधी हवा आणि भाजकांचा गुणाकार त्याहून मोठा हवा. हात वाढविणे यंत्राच्या स्वाधीन आहे. ही मर्यादा ओळखणे माणसाच्या स्वाधीन आहे.

ई-आठची सारणी

या युक्तीने एक अडलेले काम कसे मार्गी लागले, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. चेंडू जागच्या जागी कसाही फिरविला तरी त्याचे रूप बदलत नाही. या फिरविण्याचे वर्णन तीन संख्यांनी होते. म्हणून ही सममिती त्रिमित म्हणावयाची. अशा सममितींचा अभ्यास नॉर्वेचे गणितज्ञ सोफुस ली यांनी १९ व्या शतकात सुरू केला. पुढे विल्हेल्म किलिंग यांच्या वर्गीकरणात एक विलक्षण सममिती पुढे आली. तिच्या वर्णनास २४८ संख्या लागतात. गणितज्ञ तिला ई-आठ म्हणतात. ही सममिती निरनिराळ्या गणिती रचनांत कोणकोणत्या रूपांनी प्रकट होऊ शकते, याची संपूर्ण सारणी करावी असा संकल्प जेफ्री ॲडम्स, डेव्हिड व्होगन आदी गणितज्ञांच्या एका गटाने केला. सारणीत ओळी ४,५३,०६० आणि स्तंभही तितकेच, म्हणजे वीस हजार कोटींहून अधिक घरे. आणि प्रत्येक घरात एक बहुपदी.

त्यासाठी आज्ञावली लिहिली ती फ्रान्समधील ल्यों येथील गणितज्ञ फोको द्यु क्लू यांनी. २००५ साली त्यांना स्नायू क्रमाक्रमाने निकामी करणारा असाध्य विकार झाल्याचे निदान झाले. तरीही त्या वर्षअखेर आज्ञावली पुरी झाली आणि लहान सममितींच्या सारण्या तिने चटकन करून दिल्या. ई-आठची मोठी सारणी तेवढी अडून राहिली. तिचे कारण गतीत नव्हते, ते स्मृतीत होते. या सारणीतील प्रत्येक बहुपदी आधीच्या बहुपदींवरून काढावी लागते. म्हणून आधीचे सर्व काही यंत्राच्या स्मृतीत सतत हाताशी असावे लागते. इतकी स्मृती असलेले यंत्र या गटास उपलब्ध नव्हते.

तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाचे नोम एल्कीज यांनी बाक्यांची रीत सुचविली. संपूर्ण सहगुणक साठविण्याऐवजी २५१, २५३, २५५ आणि २५६ यांनी भागून उरलेल्या बाक्या काढाव्या. हे सर्वच अंक काही मूळ संख्या नाहीत. २५३ म्हणजे ११ गुणिले २३. पण ते परस्परांशी सहमूळ आहेत आणि तेवढे पुरते. शिवाय या भाजकांनी भागून येणारी कोणतीही बाकी स्मृतीच्या एकाच बाइटात मावते. मूळ सहगुणकासाठी चार बाइट राखावे लागत. चार भाजकांचा गुणाकार ४,१४,५४,७५,८४० इतका होतो, म्हणजे उत्तराला जागा भरपूर. प्वातिये येथील मार्क फान लेवेन यांनी आज्ञावलीत त्यानुसार फेरफार केले. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम स्टाइन यांच्याजवळ ६४ गिगाबाइट स्मृतीचा ‘सेज’ नावाचा संगणक होता. तो या कामी मिळाला.

चार भाजकांची चार गणिते त्या एकाच यंत्रावर एकामागून एक झाली. यंत्र मध्येच बंद पडण्याचे प्रसंगही आले. परंतु कामाची चार स्वतंत्र वाटण्यांत विभागणी झालेली असल्यामुळे एक वाटणी बिघडली तर तेवढीच पुन्हा करावयाची होती. उरलेल्या तीन सुरक्षित होत्या. ८ जानेवारी २००७ रोजी सारणी पूर्ण झाली. तीत ११८ कोटी १६ लाख ४२ हजार ९७९ परस्परांहून भिन्न बहुपदी होत्या, आणि सर्वांत मोठा सहगुणक १,१८,०८,८०८ हा होता. पश्चात्दृष्टीने पाहता २५३, २५५ आणि २५६ हे तीनच भाजक पुरले असते, कारण त्यांचा गुणाकार १,६५,१५,८४० होतो. पण हे कळले ते उत्तर हाती आल्यावर. आधी अधिक जागा राखणे हेच शहाणपणाचे होते.

फोको द्यु क्लू यांना ही सारणी पाहावयास मिळाली नाही. १० नोव्हेंबर २००६ रोजी, म्हणजे गणित पूर्ण होण्याच्या दोन महिने आधी, त्यांचे निधन झाले. त्यांनी घातलेल्या पायावर इतरांनी उरलेले काम नेले. मार्च २००७ मध्ये सारणीची वार्ता जगभर पसरली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामातील त्यांचा वाटा आवर्जून सांगितला.

जे वाटून देता येत नाही

एवढ्यावरून सर्वच बीजगणित भिंतीसारखे करता येते असे कोणी समजू नये. १९६७ मध्ये अमेरिकन संगणकरचनाकार जीन अम्डाल यांनी दाखविलेली मर्यादा येथे आडवी येते. समजा, एक काम दहा तासांचे आहे आणि त्यातील एक तासाचा भाग कोणत्याही प्रकारे वाटता येत नाही. उरलेले नऊ तास नऊ जणांनी वाटून घेतले की एकूण दोन तास लागतील. नऊशे जणांनी वाटून घेतले तर तो भाग छत्तीस सेकंदांत संपेल. पण पहिला एक तास जेथल्या तेथेच राहील. माणसे कितीही आणली तरी दहापटीहून अधिक गती मिळावयाची नाही.

पदार्थविज्ञानात वापरली जाणारी फॉर्म ही आज्ञावली याचे चांगले उदाहरण आहे. तिचे कर्ते हॉलंडचे योस फर्मासेरेन होत. लाखो पदांची राशी ती एकेक पद हाती घेऊन सोडविते. एका पदाचे काम दुसऱ्यावर अवलंबून नसते. म्हणून तिची अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी चालणारी रूपे होऊ शकली. परंतु शेवटी सर्व पदे एकत्र आणून सारखी पदे जुळवावयाची असतात. धान्य दहा खळ्यांवर मळता येते. ते एकाच दारातून कोठारात न्यावयाचे असेल तर दाराशी गाड्यांची रांग लागणारच. ग्राफिक्स प्रोसेसराच्या बाबतीत हे दार म्हणजे संगणकाच्या स्मृतीतून त्याच्यापर्यंत माहिती नेणारी वाट. काम थोडे आणि ने-आण फार अशी स्थिती असेल, तर हजार हात असूनही लाभ होत नाही.

काही कामे तर स्वभावतःच विहिरीची असतात. अनेक चलांच्या समीकरणसंचास सोप्या रूपात आणण्याची रीत ऑस्ट्रियाचे ब्रुनो बुखबर्गर यांनी १९६५ मध्ये आपल्या प्रबंधात दिली. तीत प्रत्येक पायरीवर सापडलेली नवी बहुपदी पुढील पायरीचे काम ठरविते, आणि पुढे काय करावयाचे ते मागले संपल्यावाचून कळतच नाही. १९९९ मध्ये फ्रान्सच्या झाँ-शार्ल फोझेर यांनी अशा पुष्कळ पायऱ्या एकत्र करून त्यांचे एकेक मोठे कोष्टक बनविले. कोष्टकाची आकडेमोड अनेकांना वाटून देता येते. म्हणजे विहीर विहीरच राहिली, पण तिच्या प्रत्येक थराला थोडे भिंतीचे रूप आले. या क्षेत्रातील प्रगती पुष्कळदा अशीच झालेली आहे. यंत्र जलद झाले एवढ्याने ती झालेली नाही; कामाची मांडणी कोणी तरी नव्याने केली म्हणून झाली.

हात वाढले की पडताळ्याची गरजही वाढते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या सापडली. दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ती मिळते. या प्रकारची, ग्राफिक्स प्रोसेसराने शोधलेली, ती पहिली मूळ संख्या होय. परंतु त्या यंत्राचा शब्द तेवढ्यावर प्रमाण मानला गेला नाही. निराळ्या यंत्रांवर, निराळ्या आज्ञावलींनी तीच संख्या पुन्हा तपासली गेली, आणि मगच तिची घोषणा झाली. देलोने यांनी जेवढी वर्षे गणितास दिली तेवढीच पडताळ्यास दिली होती. ती शिस्त आजही मोडलेली नाही.

वर्गात करून पाहा

ही रीत समजण्यास महागडे यंत्र लागत नाही. वर्गातील तीन विद्यार्थ्यांस सात, नऊ आणि दहा हे भाजक द्यावे. २३ आणि २७ या संख्यांच्या आपापल्या बाक्या प्रत्येकाने काढाव्या, त्यांचा गुणाकार करावा आणि पुन्हा बाकी काढावी. मात्र कोणीही शेजाऱ्याच्या पाटीवर पाहू नये. मग चौथ्या विद्यार्थ्याने तिघांच्या बाक्यांवरून ६३० हून लहान अशी संख्या शोधावी, आणि पाचव्याने नेहमीच्या रीतीने गुणाकार करून ती ताडून पाहावी. चौथ्याला सर्वांत अधिक वेळ लागला असे आढळेल. तो का लागला, आणि वर्गात चाळीस विद्यार्थी असते तर तो कमी झाला असता काय, याचा विचार मुलांनी स्वतःच करावा.